ॲपचीही ट्रेडमिल चाचणी हवी

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्द आता सरकारी दवाखान्यात ‘डॉक्टर आलेले नाहीत’ इतकेच ओळखीचे झाले आहेत. केसपेपरची खिडकी, औषधांचा साठा, तपासणीचे अहवाल, आभा क्रमांक, लसीकरणाची नोंद, अंगणवाडीतला आहार अशा बहुतेक टप्प्यांवर माणसाच्या आधी संगणक किंवा मोबाइल मध्ये येतो. पण ज्याला आपण ‘डाऊन’ म्हणतो, तो सर्व्हर पुष्कळदा चालू असतो. तो उत्तरही देतो. ते उशिरा येते आणि किती उशिरा येईल याचा भरवसा नसतो. या बेभरवशाच्या उशिराची चाचणी आधीच, प्रयोगशाळेत बसून करता येते. ती न करता सॉफ्टवेअर सक्तीचे केले तर काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत वारंवार घेतला आहे.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशभर कोविड लसीकरण सुरू झाले आणि महाराष्ट्राला सुरुवातीलाच को-विन ॲपमधील तांत्रिक अडचणींना तोंड द्यावे लागले. लस होती, परिचारिका होत्या, लाभार्थी होते. ॲपमधली नोंद नीट होत नव्हती. त्याच वर्षी २८ एप्रिलला १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी दुपारी चार वाजता खुली झाली. पहिल्याच दिवशी एक कोटी तीस लाखांहून अधिक लोकांची नोंदणी झाली खरी, पण सुरुवातीला असंख्य लोक ओटीपीची वाट पाहत बसले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन जुने आणि कमी क्षमतेचे, ‘पोषण ट्रॅकर’ त्यावर नीट चालत नाही आणि भाषा इंग्रजी, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. १ जुलै २०२५ पासून त्याच ट्रॅकरमध्ये, घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीच्या चेहऱ्याची ओळख पटवणे सक्तीचे झाले. गर्भवती, स्तनदा माता आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा हा आहार आहे.

या प्रत्येक प्रसंगातला दोष वेगळा होता. कुठे भार जास्त, कुठे फोन कमकुवत, कुठे ओटीपी अडलेला. साम्य एवढेच की कार्यालयात जे व्यवस्थित चालले, ते गावात, वस्तीत आणि ओपीडीत अडखळले.

वेग वेगळा, विलंब वेगळा

इंटरनेट म्हटले की आपण वेग विचारतो. किती एमबीपीएस? तो आकडा रस्त्याला किती मार्गिका आहेत ते सांगतो. पोहोचायला किती वेळ लागेल, हा प्रश्न निराळा. वर्तकनगरहून कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मध्यरात्री रिक्षाने वीस मिनिटांत पोहोचता येते. संध्याकाळी सात वाजता, पावसात, त्याच अंतराला तासही लागू शकतो. ‘सरासरी चाळीस मिनिटे’ हे उत्तर बरोबर असले तरी छातीत दुखत असलेल्या माणसाच्या उपयोगाचे नाही. त्याला वाईटात वाईट किती वेळ लागेल ते कळायला हवे.

संगणकाच्या जाळ्यातही हेच घडते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. ठाण्याहून दिल्लीतील सर्व्हरपर्यंतचे अंतर १४०० किलोमीटर धरले, तर जाऊन परत यायला त्याला जेमतेम १४ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. मग आपल्या पडद्यावरचे चाक दहा-दहा सेकंद का फिरते? बाकीचा वेळ रांगांत जातो. मोबाइल टॉवरपाशी रांग, वाटेतल्या प्रत्येक यंत्रापाशी रांग, सर्व्हरच्या दाराशी रांग. आणि रांगेचा स्वभाव विचित्र असतो. रांगेच्या गणितातील सर्वांत साध्या प्रारूपानुसार, खिडकी निम्मा वेळ व्यस्त असेल तर सरासरी एका माणसाच्या कामाइतकी वाट पाहावी लागते. ती ९० टक्के व्यस्त झाली की नऊ माणसांइतकी आणि ९५ टक्क्यांना एकोणीस माणसांइतकी. काम पाच टक्क्यांनी वाढले आणि प्रतीक्षा दुप्पट झाली. सकाळी साडेनऊला नीट चालणारी ओपीडीची नोंदणी साडेदहाला का कोलमडते, याचे मोठे कारण हेच आहे.

त्यात भर पडते जागेची. वर्तकनगरमध्येच म्हाडाच्या जुन्या इमारती आहेत, पोखरण रस्त्यालगतचे उंच टॉवर आहेत आणि वर येऊरचा डोंगर, त्यातले आदिवासी पाडे. गच्चीवर मिळणारी रेंज तळघरातल्या एक्स-रे विभागात मिळत नाही. डोंगराची आड आली की आणखी कमी होते. याच ठाणे जिल्ह्यात मुरबाड आणि शहापूर आहेत. वागळे इस्टेटमध्ये, जिथे पूर्वी कारखान्यांचे भोंगे वाजत, तिथे आता सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये आहेत. तिथल्या टेबलावरचा विलंब आणि मुरबाडच्या उपकेंद्रातला विलंब यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत.

सरासरी का फसवते

एक साधा हिशेब करू. समजा, एका खिडकीवर तीन तासांत ३०० केसपेपर निघतात. म्हणजे प्रत्येकी ३६ सेकंद. नोंदणी करताना संगणकाला पाच ठिकाणी विचारणा करावी लागते असे धरू: ओळख, ओटीपी, आभा, रुग्णालयाची स्वतःची यादी आणि विभागाची रांग. प्रत्येक ठिकाणचे उत्तर शंभरात फक्त एकदा रेंगाळते. ९९ टक्के वेळा चोख काम म्हणजे उत्तमच, असे वाटेल. पण पाचांपैकी एखादे तरी रेंगाळण्याची शक्यता जवळजवळ पाच टक्के होते. ३०० पैकी १५ रुग्ण अडकले आणि प्रत्येकामागे दोन मिनिटे जास्त गेली, तर रांग अर्धा तास लांबते.

आता याच दिवसाचा अहवाल मंत्रालयात कसा दिसेल? सरासरी वेळ ३६ सेकंदांवरून ४२ सेकंद. फक्त सहा सेकंदांची वाढ, काळजीचे कारण नाही. इकडे रांगेच्या शेवटी उभी असलेली मधुमेही आजी, उपाशीपोटी रक्ततपासणीसाठी आलेली, अर्धा तास जास्त उभी आहे. गूगलचे जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३ मध्ये हाच मुद्दा मोठ्या प्रमाणावर मांडला होता. एका मागणीसाठी शंभर सर्व्हरना विचारावे लागत असेल आणि प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच संथ होत असेल, तर ६३ टक्के मागण्या संथ होतात. दुर्मीळ उशीर मोठ्या यंत्रणेत रोजचा होतो.

डॉक्टरच्या नजरेतून विलंब

‘ई-संजीवनी’ या दूरवैद्यक सेवेत उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी जोडून देतात. सेवा २०१९ च्या अखेरीस सुरू झाली, टाळेबंदीत एप्रिल २०२० मध्ये ती थेट रुग्णांसाठीही खुली झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला गेला. दुर्गम भागासाठी ती मोलाची आहे, यात शंका नाही.

पण संभाषणाला विलंबाची मर्यादा असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका बाजूने दुसरीकडे १५० मिलिसेकंदांत पोहोचला तर बोलणे सहज वाटते. ४०० मिलिसेकंदांपुढे ते स्वीकारार्ह राहत नाही. विलंब एकसारखा असेल तर माणूस काही वेळाने जुळवून घेतो. तो क्षणाक्षणाला बदलत असेल तर जुळवून घ्यायला काही उरत नाही. दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात. या चढउताराला तंत्रज्ञ ‘जिटर’ म्हणतात.

वैद्यकीय तपासणीत हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. रुग्ण प्रश्नाला किती वेळाने उत्तर देतो, हे नैराश्यात, पार्किन्सनमध्ये, मेंदूच्या आजारांत महत्त्वाचे लक्षण आहे. वाक्य अर्ध्यात तोडून श्वास घेतो का, हे दम्यात आणि हृदयविकारात पाहतो. बोट नाकाला लावताना हात थरथरतो का, हे पाहतो. अडखळणारे चित्र ही सगळी लक्षणे खोटी निर्माण करू शकते किंवा खरी लपवू शकते. अतिदक्षता विभागातील आकडे दूरवर पाठवले जातात, तिथे धोका आणखी वेगळा: वाटेत अडकलेली दहा मिनिटांपूर्वीची ऑक्सिजन पातळी उशिरा पोहोचून ताज्या आकड्याच्या जागी दिसू शकते. प्रत्येक आकड्यासोबत तो मोजल्याची वेळ नसेल, तर डॉक्टर जुन्या आकड्यावर निर्णय घेईल.

आधी उशीर तयार करून पाहिला

विलंबाची आगाऊ चाचणी कशी असते, याचे उत्तम उदाहरण वैद्यकशास्त्राकडेच आहे. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या जॅक मारेस्को आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील ६८ वर्षांच्या महिलेचे पित्ताशय रोबोच्या साहाय्याने काढले. अटलांटिक महासागर ओलांडून झालेली ही पहिली शस्त्रक्रिया. सरासरी विलंब १५५ मिलिसेकंद होता. बातमी शस्त्रक्रियेची झाली. मला मात्र तिच्या आधीचे काम जास्त शिकवणारे वाटते.

शस्त्रक्रियेपूर्वी या गटाने यंत्रणेत मुद्दाम कृत्रिम विलंब घातला आणि तो २० मिलिसेकंदांपासून ५५० मिलिसेकंदांपर्यंत वाढवत नेला. शल्यचिकित्सकाचा हात हलल्यावर पडद्यावरचे उपकरण किती उशिरा हलले तर काम असुरक्षित होते, हे शोधले. मर्यादा सुमारे ३३० मिलिसेकंद निघाली. नंतर महासागरापलीकडून डुकरांवर शस्त्रक्रिया करून पाहिल्या. त्यानंतरच माणसाला हात लावला, तोही राखीव वाहिनीवरून, म्हणजे विलंब वाढू नये आणि डगमगू नये याची व्यवस्था करून. किती उशीर चालेल हे त्यांना रुग्ण टेबलावर घेण्याआधी माहीत होते. आपल्या आरोग्य ॲपबाबत हा प्रश्न रुग्ण रांगेत उभा राहिल्यावर विचारला जातो.

बनावट उशीर खऱ्यासारखा कसा करायचा

यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. इटलीतील पिसा विद्यापीठाच्या लुइजी रिझो यांनी १९९७ मध्ये ‘डमीनेट’ मांडले. आज बहुतेक सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात, त्यात ‘नेटएम’ नावाची सोय फुकट असते. एका ओळीची आज्ञा दिली की कार्यालयातले वेगवान जाळे दुर्गम पाड्यासारखे वागू लागते: उत्तर उशिरा येते, काही माहिती वाटेत हरवते. फेसबुकने २०१५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना दर मंगळवारी तासभर टूजीच्या संथ वेगाने ॲप वापरून पाहण्याचा पर्याय दिला होता. भारतासारख्या देशांतले वापरकर्ते काय सोसतात हे कळावे, हा हेतू.

मात्र ही चाचणी वरवर केली तर फसवी ठरते. पहिली चूक म्हणजे प्रत्येक वेळी ठरावीक विलंब घालणे. ब्राउझरमधली संथ नेटवर्कची तयार सोय साधारण एवढेच करते. घोडबंदर रस्त्यावर सगळ्या गाड्या कायम ताशी २० किलोमीटरने चालतात असे मानण्यासारखे ते आहे. दुसरी चूक म्हणजे चढउतार घालायचा, पण सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखाच. खरा विलंब एका बाजूला लांब शेपूट असलेला असतो: बहुतेक उत्तरे लवकर, थोडी उशिरा आणि मोजकी फारच उशिरा. तिसरी चूक, प्रत्येक उशीर स्वतंत्र मानणे. प्रत्यक्षात उशीर झुंडीने येतो. रुग्ण तळघरात गेला की पुढची पाच मिनिटे सगळेच संथ. चौथी चूक थोडी आडवळणाची आहे. प्रत्येक तुकड्याला मनमानी विलंब दिला की मागचा तुकडा पुढे निघून जातो आणि क्रम उलटसुलट होतो. खऱ्या एकेरी रांगेत असे होत नाही. त्यामुळे चाचणीत भलताच आजार दिसतो आणि खरा सुटतो.

हृदयाची तपासणी करताना आम्ही तीन पायऱ्या वापरतो. विश्रांतीतला ईसीजी सामान्य आला म्हणजे हृदय निरोगी, असे कोणी म्हणत नाही. गरज वाटली तर ट्रेडमिलवर चालवून, ताण देऊन पाहतो. आणि त्रास अधूनमधून होत असेल तर चोवीस तासांचे होल्टर यंत्र लावतो, कारण दवाखान्यातल्या दहा सेकंदांत जे दिसत नाही ते रात्री तीन वाजता पकडले जाते. कार्यालयातील वाय-फायवर ॲप चालवून पाहणे हा विश्रांतीतला ईसीजी. कृत्रिम विलंबाखालची चाचणी ही ट्रेडमिल. आणि होल्टरचे काम असे करता येईल: येऊरचा पाडा, मुरबाडचे उपकेंद्र, गर्दीची ओपीडी आणि तळघरातला विभाग येथील खऱ्या विलंबाची आठवडाभर नोंद घ्यायची, रुग्णाची कोणतीही माहिती न घेता, आणि तीच नोंद प्रयोगशाळेत नव्या ॲपसमोर जशीच्या तशी पुन्हा चालवायची.

अशा चाचणीत सापडणारे दोष ठरलेले आहेत. ॲप दहा सेकंद थांबून ‘अयशस्वी’ म्हणते, पण सर्व्हरने नोंद केलेली असते. कर्मचारी पुन्हा बटण दाबतो आणि एका मुलाला एकाच दिवशी दोन डोस दिल्याची नोंद होते. उपाय सोपा आहे: प्रत्येक मागणीला स्वतःचा क्रमांक द्यायचा, म्हणजे तीच मागणी पुन्हा आली तर सर्व्हर ती ओळखेल. ओटीपी उशिरा येतो, तोवर माणूस दुसरा मागवतो, मग पहिला येतो, तो टाकला की ‘चुकीचा’. हा प्रकार आपण सर्वांनी अनुभवला आहे. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी २०२५ मध्ये राज्यभरातून ओटीपीच्या तक्रारी आल्या होत्या. तिसरा दोष गर्दीचा. उत्तर न मिळालेले हजारो फोन ठरावीक सेकंदांनी एकदम पुन्हा प्रयत्न करतात आणि सावरू लागलेला सर्व्हर पुन्हा आडवा होतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक फोनला थोडा कमी-जास्त वेळ थांबायला शिकवतात, आणि प्रत्येक अपयशानंतर ती वाट वाढवत नेतात. दुखणे चढउताराचे, औषधही चढउताराचेच, मात्र योग्य मात्रेत.

आक्षेप आणि अपेक्षा

फाइव्ह-जी आले, गावोगावी फायबर पोहोचतो आहे, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. रस्ता रुंद झाल्याने वाहतूक काही काळ सुरळीत होते. पुढे गाड्या वाढतात. ठाणेकरांना हे समजावून सांगायला नको. भिंती, तळघरे, डोंगर, वीज गेल्यावर बंद पडणारा टॉवर आणि स्वस्त फोन हे सगळे राहणारच. दुसरा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा. साधन फुकट असले तरी अभियंत्यांचे दिवस फुकट नसतात, हे खरे आहे. पण आज तो खर्च अंगणवाडी सेविका, आशा आणि रांगेतला रुग्ण आपल्या वेळाने भरतात. तो कुठल्याही निविदेत दिसत नाही. तिसरी गोष्ट मीच सांगतो. प्रयोगशाळेतली चाचणी कितीही चांगली असली तरी एखाद्या तालुक्यातल्या प्रत्यक्ष वापराची जागा ती घेऊ शकत नाही. ट्रेडमिल नीट पार केलेल्या माणसालाही पुढे त्रास होऊ शकतो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडून घेणाऱ्या सॉफ्टवेअरला कामकाजाची चाचणी आणि सुरक्षेचा लेखापरीक्षण अहवाल द्यावा लागतो, हे योग्यच आहे. तितक्याच ठामपणे संथ आणि डगमगत्या जाळ्यावरची चाचणीही मागितली जावी. राज्याच्या आरोग्य विभागाने आणि महापालिकांनी निविदेत चार अटी घालाव्यात. एक, कोणतेही ॲप सक्तीचे करण्यापूर्वी त्याची चाचणी आपल्याच जिल्ह्यातील नोंदवलेल्या विलंबावर व्हावी. दोन, निकाल सरासरीत न देता शंभरातल्या सर्वांत संथ पाच आणि एक अनुभवांचा द्यावा. तीन, जाळे नसताना नोंद फोनमध्ये साठावी आणि जाळे आल्यावर आपोआप, एकदाच, वर जावी. चार, संगणक ठरावीक वेळेत उत्तर देऊ शकला नाही तर कागदावरची नोंद तितकीच ग्राह्य धरावी आणि तेवढ्या कारणासाठी कर्मचाऱ्याला जाब विचारू नये.

चौथी अट सर्वांत स्वस्त आहे आणि ती उद्यापासून लागू करता येते. चेहरा जुळला नाही म्हणून गर्भवतीचा आहार, ओटीपी आला नाही म्हणून बाळाची लस किंवा केसपेपर निघाला नाही म्हणून दम लागलेल्या माणसाची तपासणी थांबता कामा नये. वाचकांनीही खिडकीवरच्या कर्मचाऱ्यावर रागावण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की तोही त्याच फिरत्या चाकाकडे पाहत बसलेला असतो. तक्रार जरूर करावी, पण ती लेखी, तारीख-वेळेसह आणि ज्यांनी ते ॲप तपासून स्वीकारले त्यांच्याकडे. अशा तक्रारींतल्या वेळा एकत्र केल्या, तर आपल्या भागाच्या होल्टरची पहिली पट्टी त्यातूनच तयार होईल.